मूत्रसंस्थेची रचना

(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला, तेव्हा कार्यकारी मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले की, "मांडवात स्त्रिया असतील, लेकरेबाळे असतील, त्यापेक्षा हृदयावर किंवा मेंदूवर बोललात तर नाही का चालायचे?" त्यांचा हेतू चांगला होता. परंतु हृदयाची वकिली करावयास कवी आहेत आणि मेंदूची करावयास स्वतः मेंदूच आहे. मूत्राशयाचा कैवार घेणारा मात्र कोणी नाही. आयुष्याची तीस वर्षे आम्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांस शरीररचनाशास्त्र शिकविण्यात घालविली, आणि ज्या अवयवांची नावे घेताना माणसे खाली मान घालतात त्याच अवयवांचे दुखणे अंगावर काढले जाते, हे आम्ही बाहेर पाहिले त्याहून अधिक आमच्या स्वतःच्या घरात पाहिले. ती हकीगत पुढे ओघाने येईल. म्हणून हा विषय आम्ही हट्टाने धरला आहे.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीच्या अंगास पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि तेच ढग पाथर्डी-जामखेडकडे येईतो कोरडे होऊन जातात. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी खालचा मुलूख हिरवा केला. तरी निम्म्या जिल्ह्यास पाणी जपूनच वापरावे लागते. पाणी जपणे हा आपल्या रक्तातला गुण आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. तो खरोखर रक्तातला आहे, आणि ते काम करणारे दोन अवयव आपल्या प्रत्येकाच्या पाठीशी बसलेले आहेत.

त्यांस मूत्रपिंड म्हणतात. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, सुमारे ११ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड असा हा अवयव. वजन साधारण १५० ग्रॅम, म्हणजे बेताच्या आकाराच्या कांद्याएवढे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाने, चरबीच्या मऊ गादीत ही पिंडे असतात. उजवीकडे वरती यकृताने जागा अडविल्यामुळे उजवे पिंड डाव्यापेक्षा थोडे खाली असते. ती पोटात आहेत असे आपण समजतो, पण खरे पाहता ती पोटाच्या पिशवीमागे, पाठीच्या भिंतीस टेकून आहेत. म्हणूनच मूत्रपिंडाचे दुखणे पाठीत जाणवते आणि माणसे महिनोन् महिने पाठीस तेल चोळीत बसतात.

पिंड उभे चिरले असता आत दोन रंग दिसतात. बाहेरचा थर फिकट व दाणेदार. आतला भाग गडद, आणि त्यात आठ-दहा किंवा अधिक शंकू, निमुळती टोके आत करून बसविलेले. प्रत्येक शंकूच्या टोकाखाली एक लहानशी वाटी असते. अशा वाट्या मिळून दोन-तीन मोठ्या वाट्या होतात आणि त्या एका नरसाळ्यात उघडतात. त्या नरसाळ्याची पुढे निमुळती होत गेलेली नळी ती मूत्रवाहिनी.

हे झाले नुसत्या डोळ्यांस दिसणारे. खरी नवलाई सूक्ष्मदर्शकाखाली आहे. १६६६ साली इटलीतील माल्पीगी या शास्त्रज्ञाने बाहेरच्या थरात बारीक फळे लटकावीत तसे रक्तवाहिन्यांचे गुच्छ पाहिले. पुढे १८४२ साली इंग्लंडच्या बोमनने त्या गुच्छाभोवतीची वाटी दाखवून दिली, आणि १८६२ साली जर्मन पंडित हेन्ले याने आतल्या भागात खाली जाऊन पुन्हा वर येणारा नलिकेचा वळसा वर्णिला. गुच्छ, वाटी आणि वळसेदार नलिका मिळून जो एक घटक होतो त्यास नेफ्रॉन म्हणतात. असे सुमारे दहा लाख नेफ्रॉन एकेका पिंडात असतात. जन्मानंतर त्यांत नवी भर पडत नाही. गेला तो गेला.

या यंत्राचा व्यवहार ऐकण्याजोगा आहे. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान पिंडांकडे जातो. दिवसाचा हिशेब केला तर सुमारे १७०० लिटर रक्त त्यांतून फिरून जाते. गुच्छातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी वाटीत गाळले जाते. इतके पाणी जर बाहेर पडू लागले, तर माणसास घंगाळाशेजारीच बसून राहावे लागेल! परंतु नलिका त्यातील १७८ लिटरांहून अधिक पाणी रक्तास परत करते, आणि उरलेले लिटर-दीड लिटर तेवढे मूत्र म्हणून पुढे पाठविते. वळशाच्या तळाशी क्षार दाटून ठेवलेले असतात. देहास पाण्याची चणचण असली की त्या क्षाराच्या ओढीने नलिकेतील शेवटचे पाणीही शोषून घेतले जाते. उन्हाळ्यात लघवी थोडी, पिवळी आणि उग्र होते, ती या काटकसरीमुळे. मात्र काटकसरीस मर्यादा आहे. देहातील कचरा वाहून नेण्यापुरते सुमारे अर्धा लिटर मूत्र तरी रोज व्हावेच लागते.

नलिकेच्या भिंतीकडे पाहिले तर कामाप्रमाणे पेशी बदललेल्या दिसतात. आरंभीच्या भागात जेथे शोषण्याचे काम मोठे, तेथे घनाकार पेशी असून त्यांच्या आतल्या अंगास ब्रशाच्या केसांसारखी बारीक झालर असते. वळशाच्या बारीक भागात पेशी फरशीसारख्या चपट्या. वर येताना पुन्हा घनाकार, पण झालरीवाचून. विद्यार्थ्यांस हे पाठ करावयास कंटाळा येत असे. आम्ही त्यांस म्हणत असू की, बाबांनो, घराची मोरी, कोठार आणि ओसरी एकाच फरशीने मढवीत नाहीत. देहही मढवीत नाही.

आता मूत्रवाहिनी. सुमारे २५ सेंटिमीटर लांब, बोरूच्या काडीहूनही बारीक अशी ही नळी. आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिचे पोकळ अंग चांदणीसारखे दिसते, कारण आतले अस्तर चुण्या पाडून मिटलेले असते. बाहेर अनैच्छिक स्नायूंचे थर: आतड्यात आतला थर वर्तुळाकार आणि बाहेरचा उभा, तर येथे नेमके उलट. मूत्र या नळीतून आपोआप ओघळत नाही. मिनिटास एक ते पाच वेळा वरून खाली संकोचाची लाट जाते आणि ती मूत्र पुढे ढकलते. म्हणूनच माणूस आडवा झोपला तरी मूत्र मूत्राशयातच जाते.

या वाहिनीच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत आणि त्या आपण लक्षात ठेवाव्यात अशी आमची विनंती आहे. पहिली, नरसाळे संपून नळी सुरू होते तेथे. दुसरी, कमरेच्या हाडाच्या कडेवरून मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडून ती खाली उतरते तेथे. तिसरी आणि सर्वांत अरुंद, मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तेथे. मुतखडा अडकतो तो बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी. खडा अडला की वाहिनी त्यास पुढे ढकलण्यासाठी पिळवटून निघते. तीच ती कळ, जी कुशीतून निघून जांघेपर्यंत येते आणि धडधाकट गड्यास जमिनीवर लोळावयास लावते. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपला आपण निघून जातो.

ज्याच्या घरी मुतखडा नाही असे कुटुंब या मांडवात विरळा. ऊन मोठे, घाम मोठा, पिणे थोडे. मूत्र दाट झाले की त्यातील चुना आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे स्फटिक जमू लागतात. १९३७ साली अमेरिकेतील रँडल या वैद्याने शंकूच्या टोकावरच चुन्याचे लहान ठिपके दाखविले. खड्याची पहिली गाठ पुष्कळदा तेथेच धरते. यावर उपाय पुष्कळ सांगितले जातात. कुळथाचे पाणी प्यावे, त्यात पाणी तरी असते. काही तरुण मंडळी बियरचे नाव घेतात. पण त्यांचा मुतखडा औषधापेक्षा सबबीच्या उपयोगी अधिक पडतो असा आमचा अनुभव आहे. ज्यास एकदा खडा झाला त्याने दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा साधा नियम डॉक्टर सांगतात. तो साधा आहे खरा, परंतु कोणास साधा?

येथे आमच्या घरची हकीगत सांगतो. आमच्या थोरल्या वहिनी पाथर्डीच्या बाजूच्या. घर मोठे, जुन्या वळणाचे. शौचाची सोय वाड्याच्या मागे, परसात, आणि तेथे जावयाचे म्हणजे ओसरीवर बसलेल्या सर्व पुरुषमंडळींसमोरून. वहिनींनी लग्न होऊन आल्यापासून यावर एक तोड काढली होती. पहाटे एकदा जावयाचे आणि अंधार पडल्यावर एकदा. मधल्या काळात जावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नसत. पंगतीस वाढताना, शेतावर भाकरी नेताना, एस. टी.ने माहेरी जाताना त्यांचा हाच नेम. कधी उन्हाळी लागली तर त्या सब्जाचे पाणी पीत. पाठ दुखू लागली तर ओव्याचा शेक घेत. त्यांनी कधी कोणास काही सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. त्याच वर्षांत आम्ही शहरात रोज सकाळी विद्यार्थ्यांच्या हाती मूत्रपिंड देऊन त्यांच्याकडून तीन अरुंद जागांची नावे वदवून घेत होतो आणि दर दिवाळीस घरी येऊन वहिनींच्या हातचे अनारसे खात होतो!

वयाच्या पन्नाशीत त्यांस थंडी वाजून ताप भरला, तेव्हा प्रथम तपासणी झाली. डाव्या बाजूच्या पहिल्या अरुंद जागेत खडा बसला होता, आणि तो बरीच वर्षे तेथे असावा. वाट बंद झाल्यावर मूत्राचा दाब मागे नरसाळ्यावर, वाट्यांवर आणि शेवटी पिंडावर येतो. पिंड हळूहळू पातळ होत जाते. शस्त्रक्रियेनंतर सर्जनने ते काढलेले पिंड आम्हांस दाखविले. शंकू नव्हते, दाणेदार थर नव्हता. पाण्याने भरलेली कागदासारखी पातळ पिशवी तेवढी उरली होती. तीस वर्षांत आम्ही शेकडो पिंडे हाताळली. ते एक हातात घेणे आम्हांस जड गेले. वहिनी पुढे एका मूत्रपिंडावर अठरा वर्षे चांगल्या जगल्या, कारण एक निरोगी पिंड माणसास पुरते. पण बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आमच्या थोरल्या बंधूंस सांगून माजघरास लागून न्हाणी व शौचकूप बांधून घेतले.

मूळ विषयाकडे वळतो. मूत्राशय हे ओटीपोटात, हाडाच्या कमानीमागे असते. सुश्रुताने त्यास तोंड खाली केलेल्या भोपळ्याची उपमा दिली आहे आणि ती बरोबर आहे. मूत्र त्यात येते कसे, याविषयी त्याची कल्पना अशी की, नवा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला असता जसा चहूअंगांनी पाझरून भरतो, तसे ते भरते. आज आपण जाणतो की ते दोन मूत्रवाहिन्यांच्या तोंडांनी भरते. सुश्रुत चुकला म्हणून त्याचा उपहास करू नये. प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, सैल झालेली त्वचा घासून काढून आतले अवयव पाहावेत असा पाठ घालून देणारा तोच आहे, आणि मुतखडा शस्त्राने काढण्याची रीतही त्याने लिहून ठेविली. पाहण्याचे साधन जेवढे, तेवढे त्याने पाहिले.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. दीडशे-दोनशे झाले की पहिली सूचना मिळते. मूत्रवाहिन्यांची दोन तोंडे आणि खालचे मुख यांमध्ये एक गुळगुळीत त्रिकोण असतो. बाकी सर्व आतल्या अंगास, मूत्राशय रिकामे असताना, चुण्या असतात. वाहिन्या भिंतीतून तिरप्या येतात. त्यामुळे मूत्राशय भरून भिंत ताणली की त्यांची तोंडे आपोआप दाबली जातात आणि मूत्र माघारी पिंडाकडे जात नाही. दरवाजा नाही, कडी नाही. नुसत्या तिरपेपणाने साधलेले हे काम आम्हांस आजही थक्क करते.

याहून मोठे आश्चर्य अस्तरात आहे. नरसाळ्यापासून मूत्राशयापर्यंत आणि पुढे मूत्रमार्गाच्या आरंभापर्यंत एकाच जातीचे अस्तर असते. त्यास ट्रान्झिशनल एपिथेलियम, म्हणजे रूप पालटणारा अभिस्तर, असे म्हणतात. रिकाम्या मूत्राशयाचा पातळ काप रंगवून पाहिला तर त्यात पेशींच्या पाच ते सात रांगा दिसतात. भरलेल्याचा पाहिला तर दोन-तीनच. मग बाकीच्या गेल्या कोठे? कोठेही नाही, अस्तर ताणले गेले तशा त्या चपट्या होऊन एकमेकींशेजारी सरकल्या. सर्वांत वरची रांग मोठ्या घुमटाकार पेशींची. एकेक पेशी खालच्या अनेक पेशींवर छत्री धरून असल्यासारखी दिसते, म्हणून तिला छत्रपेशी म्हणावे. तिच्यात पुष्कळदा दोन केंद्रके असतात. तिच्या वरच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनांची फरसबंदी असते, जिच्यातून मूत्रातील विषारी द्रव्ये मागे देहात झिरपू शकत नाहीत. आणि तिच्या पोटात त्याच फरसबंदीचे जादा तुकडे घड्या करून ठेवलेले असतात. मूत्राशय भरू लागले की ते वर येऊन पृष्ठभाग वाढवितात, रिकामे झाले की पुन्हा आत घेतले जातात. पाहुणे आले की सतरंज्या काढाव्यात आणि गेले की गुंडाळून ठेवाव्यात, तद्वत्. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. हे अस्तर निरोगी असता महिनोन् महिने टिकते.

मूत्राशयाचे हे सहनशील अस्तर पाहून कोणी म्हणेल की, मग धरून ठेवल्याने काय बिघडते? एखादे वेळी तास-दोन तास थांबल्याने काहीही बिघडत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. उगाच भीती घालण्याचा आमचा उद्देश नाही. परंतु खालून वर चढणारे जंतू या छत्रपेशींनाच चिकटतात, आणि त्यांस धुऊन काढण्याचे देहाचे मुख्य साधन म्हणजे वेळोवेळी जोराने बाहेर पडणारे मूत्रच होय. जी व्यक्ती पाणीही पीत नाही आणि जातही नाही, तिचे हे साधन दोन्हींकडून बंद होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय हा वेग अडवू नयेत याच विषयावर आहे, आणि तेथे वेगांच्या यादीत पहिला मान मूत्राचा आहे.

शेवटी मूत्रमार्ग. पुरुषांत तो सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांब, स्त्रियांत अवघा ४. या एका फरकात पुष्कळ दुःख साठलेले आहे. वाट आखूड, म्हणून जंतूंस वर चढावयास सोपी. जवळजवळ निम्म्या स्त्रियांस आयुष्यात एकदा तरी मूत्राचा जंतुविकार होतो, तो याच कारणाने, त्यांच्या अस्वच्छतेने नव्हे. सासवांनी हे ऐकून ठेवावे. पुरुषांची वाट लांब, पण तिचा पहिला भाग अष्ठीला, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या मधून जातो. पन्नाशीनंतर ती ग्रंथी वाढू लागली की वाट दाबली जाते, धार बारीक होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. पुरुषमंडळी हे वय झाल्याचे लक्षण समजून गप्प बसतात, किंवा कीर्तनातून मध्येच उठून जाण्याची लाज वाटते म्हणून कीर्तनासच जात नाहीत. तेव्हा लाज केवळ स्त्रियांचीच आहे असे नाही. मूत्रमार्गाचे अस्तरही वाटेत पालटते: आरंभी तोच रूप पालटणारा अभिस्तर, मध्ये उंच स्तंभीय पेशी, आणि बाहेरच्या मुखापाशी कातडीसारख्या चपट्या पेशींचे थर. मार्गाभोवतीचा बाहेरचा आकुंचक स्नायू तेवढा आपल्या इच्छेच्या ताब्यातला. मूल दोन-तीन वर्षांचे होते तेव्हा त्यावर हुकमत मिळवते, आणि सारे घर कौतुक करते. त्या कौतुकात थोडेसे आवर्जून शिकवावे की थांबता येणे ही विद्या आहे तशी वेळेवर जाणे हीही आहे. शाळेतील मुलींस विशेषेकरून. पुष्कळ मुली दिवसभर डब्यासोबतची पाण्याची बाटली भरलेली तशीच परत आणतात; आयांनी संध्याकाळी ती बाटली उचलून पाहावी.

ऊसतोडीस जाणाऱ्या बायका पहाटेच्या अंधारात कोपीतून निघतात आणि उघड्या फडात दिवस काढतात. त्यांची सोय करणे हे कारखान्यांचे व सरकारचे काम आहे, ते आपल्या एवढ्याशा संस्थेच्या आवाक्यातले नाही. आपल्या आवाक्यातले एक काम मात्र समोर आहे. संस्थेच्या नियोजित मंगल कार्यालयाचा नकाशा आम्ही पाहिला. सभागृह प्रशस्त आहे, व्यासपीठ सुरेख आहे, देणगीदारांच्या नावांच्या फलकास भिंत राखून ठेविली आहे. पुरुषांकरिता प्रवेशद्वाराजवळ सहा जागा आहेत. स्त्रियांकरिता दोन, आणि त्याही मुदपाकखान्यामागील बोळात, जेथे जाण्यास आचारी व वाढपी यांच्यामधून वाट काढावी लागेल. पाचशे माणसांच्या लग्नात अडीचशे बायका असतात. लुगडे-शालू सावरून जाण्यायेण्यास त्यांस पुरुषाहून अधिक वेळ लागतो. वहिनींचे परस आणि ओसरी आपण नव्या सिमेंटमध्ये पुन्हा बांधीत आहोत, असे आम्हांस तो नकाशा पाहून वाटले.

अध्यक्षांच्या संमतीने आम्ही त्या नकाशावर पेन्सिलीने दुरुस्ती सुचविली आहे: वधूपक्षाच्या खोलीशेजारून वेगळी वाट, आठ जागा, आत नळ, आणि दारास आतून कडी. खर्च वाढेल, देणगीदारांच्या फलकाची भिंत थोडी आखूड होईल. नकाशा संस्थेच्या कार्यालयात पाहावयास ठेविलेला असून येत्या सर्वसाधारण सभेत तो मंजुरीस यावयाचा आहे. आजवर या सभेस भगिनींची उपस्थिती नाममात्र असे. या वेळी त्यांनी नकाशा आधी स्वतः येऊन पाहावा, आणि सभेस यावे.